टिटवीची गाठ

“टिटवी कचरा नाही,” हिरेमठ सर म्हणाले आणि मी पुढे केलेला कागद त्यांनी दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. “कचऱ्याचं कुणी बारसं करतं का?”

“सर, कागदावर कचरा असं कुठंच लिहिलेलं नाही. ‘निकामी वस्तू’ असं आहे.”

“निकामी म्हणजे काय मग, श्रीखंड?” दस्तगीर मामा पेपरामागून म्हणाले.

सोलापुरात, होटगी रोडवरच्या सरांच्या घरी, सकाळी साडेनऊला आम्ही तिघं बसलो होतो. सर चौऱ्याहत्तर वर्षांचे. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या विभागाचे प्रमुख होते. मामा त्याच विभागाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. दोघंही निवृत्त झाले, पण मामांची सकाळची हजेरी चुकली नाही. फक्त प्रयोगशाळेऐवजी ते सरांच्या व्हरांड्यात यायचे, पेपर वाचायचे आणि सरांशी भांडून जेवायला घरी जायचे. मी मात्र तेरा वर्षांत या घराची पायरी चढले नव्हते. त्याला एक कारण होतं आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

टिटवी आमचा उपग्रह. म्हणजे कॉलेजच्या आम्ही बावीस पोरापोरींनी सरांच्या हाताखाली तीन वर्षं खपून बनवलेला, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याएवढा उपग्रह. वर गेल्यावर त्यानं फक्त एक करायचं होतं: आपलं नाव घेत ओरडायचं, म्हणजे आम्ही खालून ऐकू. नाव टिटवी ठेवलं ते म्हणूनच. एका मोठ्या रॉकेटवर कोपऱ्यात बसून ती गेली, सहाशे किलोमीटरवर नीट सुटली आणि त्यानंतर तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही. आम्ही चार महिने कानाला यंत्रं लावून बसलो. मग परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या, सगळे पांगले. नंतर विभागच बंद झाला.

मी फिरून फिरून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागले होते. कंपनीचं इंग्रजी नाव भारदस्त होतं, पण आम्ही एकोणीस जण तिला झाडू मंडळ म्हणायचो. पृथ्वीभोवती फिरणारे मेलेले उपग्रह, रॉकेटचे तुकडे धरायचे आणि खाली वातावरणात ढकलून जाळून टाकायचे, हा आमचा धंदा. तोवर आम्ही एकही धरला नव्हता. पहिल्या शिकारीसाठी आम्ही एक यान बनवलं होतं, त्याला दोन बोटांचा हात होता. यानाचं नाव आम्ही पक्कड ठेवलं होतं. आणि पहिली शिकार म्हणून यादीतून निवडली गेली ती टिटवी. कारण सोपं होतं. टिटवी होती भारतीय, लहान, आणि भर वाटेत. त्या वर्षी चार महिन्यांत पाच चालत्या उपग्रहांना तिच्यासाठी वाट वाकडी करावी लागली होती.

गोची अशी की आकाशात वस्तू मरते, मालकी मरत नाही. दुसऱ्याच्या मेलेल्या उपग्रहाला त्याच्या मालकाच्या परवानगीशिवाय बोट लावता येत नाही. दिल्लीची परवानगी होती, कॉलेजच्या ट्रस्टचं पत्र होतं, त्यावर आमचं यान उडालं. आणि पक्कड टिटवीच्या मागे पाच किलोमीटरवर जाऊन उभी राहिल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की मूळ नोंदीत ट्रस्टचं नावच नाही. तिथं अधिकृत सही म्हणून एकच नाव आहे: प्रा. शिवयोगी हिरेमठ. झालं. वऱ्हाड मांडवाच्या दारात आणि मुलीच्या बापाला विचारायचंच राहिलेलं. टिटवीला खाली नेण्यासाठी राखलेलं सोडलं, तर यानातलं इंधन आठ दिवस पुरणार होतं. आमचा प्रमुख नचिकेत दाबके माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “तृप्ती, तू त्यांची विद्यार्थिनी ना? जा आणि सही घेऊन ये. नाहीतर आपण सगळे दुसरीकडे नोकऱ्या शोधू.”

“सर, ती सेकंदाला साडेसात किलोमीटरनं जातेय,” मी सरांना म्हणाले. “सोलापूर ते पुणं तेहतीस सेकंद.”

“मग ते एस्टीला का लावत नाहीत?” मामा.

“तेवढ्या वेगानं ती कुणाला धडकली तर दोघांचे मिळून हजारो तुकडे होतील. आणि प्रत्येक तुकडा त्याच वेगानं—”

“हे तू मला शिकवणार?” सर म्हणाले. “दुसरं वर्ष, चौथं प्रकरण. मीच शिकवलंय तुला. तुला त्यात एकोणीस मार्क पडले होते.”

“वीसपैकी.”

“पंचवीसपैकी.”

 सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “पेपरात होतं, मागच्या महिन्यात एकानं तिच्यासाठी वाट सोडली. तो उपग्रह कुणाचा होता?”

“वादळाची सूचना देणारा. कोळ्यांना वगैरे.”

“हं.”

त्यांनी कागद परत जवळ ओढला. मला वाटलं आता मानले. पेनाचं टोपणही त्यांनी काढलं. आणि मग अचानक विचारलं, “धरायच्या आधी तुम्ही फोटो काढणार?”

“हो सर. पुष्कळ.”

“किती बारीक दिसतं त्यात?”

“दीड मीटरवरून दोरासुद्धा दिसेल,” मी म्हणाले आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

सरांनी टोपण परत लावलं. मामांचा पेपर खाली आला होता. “दोरा दिसतोय?” मामांनी विचारलं. “म्हणजे आपला साधा दोरा?”

“हो.”

मामांनी पेपर परत वर धरला. उलटा.

“सही करीन,” सर म्हणाले. “पण इथं नाही. मी आणि दस्तगीर पुण्याला येणार. समोर बसणार. फोटो आधी मी बघणार, मगच सही.”

मला वाटलं म्हाताऱ्यांचा जीव अडकलाय, शेवटचं बघायचं असेल. मी लगेच हो म्हणाले. पक्कडचं इंधन संपायला तीन दिवस उरले असताना, पहाटे नव्हे, चांगलं खाऊन-पिऊन, मामींनी बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी मांडीवर घेऊन आम्ही तिघं गाडीनं निघालो.

तो प्रवास मला अजून आठवतो, कारण तिघंही भलतेच विचित्र वागत होतो. मोहोळपर्यंत कुणी बोलेना. मोहोळ सोडल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. सरांनी मला विचारलं, फोटो पेपरात देणार का. मी म्हणाले, देणारच, आमचं पहिलंच काम आहे. सर म्हणाले, सगळे देऊ नका, लांबचे द्या, लांबून टिटवी छान दिसते. टेंभुर्णीला चहा घेताना मामांनी मला बाजूला घेतलं.

“पोरी, वर ऊन लई कडक असतंय ना?”

“लई कडक, मामा.”

“मग तेरा वर्सांत दोरा-बिरा सगळा जळून गेला असंल की.”

“असेल,” मी म्हणाले. मनात म्हणाले, देवा, जळलेला असू दे. मामांना दोऱ्याचं एवढं काय पडलंय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. स्वतःचं पाप डोक्यावर असलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे नीट बघता येत नाही.

बाणेरला आमचं ऑफिस फर्निचरच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एकोणीसच्या एकोणीस जण हजर होते. दाबकेनं सरांच्या पायाला हात लावला, मग चुकून मामांच्याही लावला, मामांनी “नको नको” म्हणत आशीर्वाद देऊनच टाकला. दोघांना पहिल्या रांगेत, मोठ्या पडद्यासमोर बसवलं. शेजारी झेलम कारखानीस. झेलम म्हणजे आमची पक्कडचा हात चालवणारी. वय सव्वीस, बोलणं कमी, आणि तिच्या हातात सुई दिली तर ती सुईच्या नाकातून दुसरी सुई ओवील.

दहा एकेचाळीसला संपर्क सुरू झाला. आधी पडदा काळा, मग त्यात एक ठिपका, मग तो ठिपका हळूहळू फिरणारा डबा झाला.

मी तेरा वर्षांनी तिला बघत होते. सोनेरी वेष्टन उडून पांढरं पडलं होतं. आम्ही रंगवून घेतलेली कॉलेजची मुद्रा पुसली गेली होती. पण बाकी तशीच, अगदी तशीच. सर खुर्चीच्या कडेवर सरकले.

“बारीक झालीय,” मामा म्हणाले, माहेरी आलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं.

“अँटेना उघडलेलाच नाही,” झेलम म्हणाली.

इथं अँटेनाचं सांगायला हवं. टिटवीचा अँटेना म्हणजे सुताराकडे असते तशी पोलादी मापाची टेप. नव्या पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, इंचांच्या खुणा असलेली, पिवळी. ती दुमडून डब्याला नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायची. वर गेल्यावर एक छोटी तार तापते, दोरा जळतो, टेप सटकन उघडते आणि उपग्रहाला आवाज फुटतो. पुष्कळ कॉलेजं असंच करतात. पडद्यावर आमची टेप दुमडलेलीच होती, बांधलेलीच.

“जरा जवळ घेते,” झेलम म्हणाली. पडद्यावर टिटवीची ती बाजू मोठी होत गेली. “हे काय आहे? दोऱ्यावर दोरा दिसतोय. आणि त्याच्यावर काहीतरी पिवळट. डिंक आहे का?”

“कुठं?” दाबके पुढे वाकला.

“थांब, अजून जवळ घेते.”

“सही कुठं करायची?” सर एकदम म्हणाले.

“सर?”

“सही. कुठं करायची? आण तो कागद. फोटो बघितले मी, छान आले, पुरे झाले. पकडा तिला.”

“पकडा, पकडा,” मामा म्हणाले. “पोरीला ताटकळत ठेवू नका.”

“हो, इंधन संपतंय,” मी म्हणाले. 

सरांनी गुडघ्यावर कागद धरून अशी सही केली की पेन कागदातून आरपार गेलं. दाबकेनं मान हलवली. झेलमनं पक्कडचा हात पुढे केला.  पडद्यावर दोन बोटं टिटवीच्या कडेशी गेली, टिटवी फिरत होती त्याच लयीत हातही फिरू लागला, आणि मग बोटं मिटली. एक बारीकसा हिसका बसला. चित्र थरथरलं.

“धरली,” झेलम म्हणाली.

खोलीत टाळ्या सुरू होणार तेवढ्यात पडद्यावर पिवळं काहीतरी सपकन हललं. हिसक्यानं दोरा तुटला होता. तेरा वर्षं उन्हात भाजून त्याचा पापड झाला होता. पोलादी टेप ताडकन उघडली, कॅमेऱ्यासमोरून गेली आणि ताठ उभी राहिली. एक फूट, दोन इंचांपासूनच्या खुणा अगदी स्वच्छ वाचता येत होत्या. कुणीतरी हसलं.

मग झेलमच्या कपाळावर आठी आली. “आपल्या रेडिओत खरखर येतेय. काहीतरी बिघडलं. मघाशी नव्हती.”

“केवढी खरखर?” दाबकेनं विचारलं.

“खरखर पण नाही. ठरावीक आहे. थांबून थांबून येतेय.” तिनं ती स्पीकरवर टाकली.

डाऽ. डिडि. डाऽ. डिडिडिडाऽ. डिडि.

दाबके म्हणाला, “बंद कर, बॅटरीवर ताण येत असेल.”

“बंद करू नका,” मामा म्हणाले. ते उभे राहिले होते. “मी तीन वर्सं चहा करता करता ऐकलंय हे. डाऽ. डिडि. डाऽ.” आणि ते स्पीकरबरोबर म्हणू लागले. सर म्हणू लागले. मी पण म्हणू लागले. तीन सोलापूरकर पडद्यासमोर उभे राहून एका सुरात “डाऽ डिडि” म्हणताहेत हे बघून आमच्या पोरांना वाटलं यांना गाडी लागली.

“टिटवी आहे ती,” मी ओरडले. “मोर्समध्ये आपलं नाव सांगतेय. टी, आय, टी, व्ही, आय.”

“पण ती मेलेली होती ना?” झेलम म्हणाली.

“नव्हती मेली,” सर सावकाश म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं होतं. “ऊन लागलं की ती जागी होते, मेंदू पहिल्यापासून सुरू होतो, आणि ओरडते. बॅटरी गेली असेल, तरी उन्हावर चालते. तेरा वर्षं रोज पंधरा-पंधरा वेळा ओरडत असेल. तोंड बांधलेलं होतं, म्हणून ऐकू येत नव्हतं.”

त्यानंतर आमच्या ऑफिसात जे झालं त्याला दुसरा शब्द नाही, सगळे चेकाळले. कुणी टेबलावर चढलं. दाबके, जो कधी टायसुद्धा सैल करत नाही, तो मामांबरोबर फुगडी घालत होता. खालच्या फर्निचरवाल्याचा माणूस वर आला, काय झालं म्हणून, त्याच्या हातात कुणीतरी भाकरी-चटणी दिली, तोही थांबला. टिटवी आमच्यावरून क्षितिजापलीकडे गेली आणि आवाज बंद झाला, पण त्याआधीच झेलमनं तो साठवून घेतला होता, आणि तो पुन्हा पुन्हा वाजत होता.

मग दाबके धापा टाकत खुर्चीत बसला आणि म्हणाला, “पण दोरा जळला कसा नाही? तार तापली असेल ना? एक पदर जळायला कितीसं लागतं?”

हसता हसता माझं हसू थांबलं. आता सांगितलं नाही तर कधीच नाही, हे मला कळलं.

“एक पदर नव्हता,” मी म्हणाले. “सर, बांधायचं काम माझं होतं. ठरल्याप्रमाणे एकच वेढा घातला. पण तो मला सैल वाटला. तीन वर्षांचं काम, वाटेत टेप उघडली तर सगळंच गेलं. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी आणखी एक वेढा दिला. कुणाला सांगितलं नाही. तार एकाच वेढ्याला टेकत होती. चार महिने आपण ऐकत बसलो आणि का ऐकू येत नाही ते मला माहीत होतं. म्हणून मी परत आले नाही, सर.”

 सर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ते काय बोलतील ते मला जन्मभर पुरेल.

“दुसरा वेढा तुझा होता?” ते म्हणाले. “मग तिसरा कुणाचा?”

“तिसरा?”

“मी पेटी बंद करायच्या आधी बघितलं तेव्हा तीन होते. मला वाटलं तुमची पद्धतच तशी असेल.” सर अडखळले. “आणि मला ते सैल वाटले. म्हणून मी वर चिकटवायचा डिंक सोडला. दोन थेंब.”

“सर, तुम्ही?”

“डिंक तापला की वितळेल असं वाटलं. नंतर पुस्तकात वाचलं, तो वितळत नाही, आणखी घट्ट होतो. मी निवृत्त होईपर्यंत ते पुस्तक कपाटात उलटं ठेवलं.”

आम्ही दोघांनी एकदम मामांकडे बघितलं. मामा फर्निचरवाल्याच्या माणसाला चटणीची कृती सांगत असल्यासारखं करत होते.

“दस्तगीर,” सर म्हणाले.

“हाय.”

“तिसरा वेढा.”

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. “आमचा बाप मिलमध्ये मागावर होता, सर. सूत तुटलं की विणकर गाठ मारतोय, ती जन्मात सुटत न्हाई. डबा भरताना माझं बोट लागलं, दोरा लटपटला. म्हटलं पोरांना काय कळतंय. दिला आणखी एक वेढा आणि मारली विणकराची गाठ.” त्यांचा आवाज बारीक झाला. “तवापासून जुम्म्याला दुवा मागतोय. म्हणतोय, या अल्ला, ती गाठ तेवढी सोड.”

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक झेलम. पण सर हसायला लागले तेव्हा ते थांबेनातच. चष्मा पडला, तो उचलायला मी वाकले, माझं डोकं मामांच्या डोक्यावर आपटलं, आणि तिघंही खाली फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिलो. तेरा वर्षं तिघांनी आपापल्या घरी एकेक गाठ सांभाळली होती. मी घाबरून सोलापूर सोडलं होतं. सरांनी पुढं एकही उपग्रह हाती घेतला नव्हता. आणि मामा रोज सकाळी ज्या माणसाच्या व्हरांड्यात बसायला जायचे, त्याला हे सांगायचं धाडस गोळा करायलाच जायचे.

हसणं ओसरलं तेव्हा दाबकेचा फोन वाजत होता. वकीलबाईंचा होता. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“त्या म्हणताहेत थांबा,” त्यानं फोन बाजूला धरून सांगितलं. “परवानगी निकामी वस्तूसाठी आहे. ही वस्तू आता चालू आहे. चालू उपग्रह खाली पाडता येत नाही. सर नाही म्हणाले तर आपल्याला ती सोडावी लागेल. आणि सोडून परत धरायला इंधन नाही.”

सगळे सरांकडे बघू लागले. सर अजून फरशीवरच होते, भिंतीला टेकून. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय चाललं असेल, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. आत्ता कुठं बोलायला लागली होती.

“झेलमबाई,” ते म्हणाले, “तिला स्वतःला वळता येतं का? समोर कुणी आलं तर?”

“नाही सर. तिच्यात इंजिन नाही.”

“आम्हीच दिलं नाही,” सर म्हणाले. ते थोडा वेळ स्पीकरमधला तो साठवलेला आवाज ऐकत राहिले. “दस्तगीर, काय करायचं?”

मामांनी बराच विचार केला. “ओरडणारी असली म्हणून काय झालं, सर. रस्त्यात मधोमध उभी हाय.”

सरांनी कागद मागवला. ‘निकामी’ हा शब्द खोडला, वर सुवाच्य अक्षरात ‘चालू’ लिहिलं आणि पुन्हा सही केली. साक्षीदार म्हणून मामांची घेतली. कागद दाबकेच्या हातात देण्याआधी त्यांनी तो क्षणभर धरून ठेवला. “एकच सांगणं. शेवटपर्यंत तिचा आवाज बंद करू नका. खाली नेता नेता जेवढं बोलेल तेवढं बोलू दे.”

खाली यायला सव्वीस दिवस लागले. पक्कड तिला धरून रोज थोडी थोडी उतरत होती. आणि ते सव्वीस दिवस टिटवी जगभर ओरडत गेली. तिचं नाव ऐकल्याचं पहिलं पत्र चिलीतल्या एका निवृत्त मास्तरांचं आलं. फिनलंडमधल्या एका शाळेनं तिचा आवाज घंटा म्हणून लावला. जपानमधल्या एका बाईंनी विचारलं, टिटवी म्हणजे काय. सरांनी त्यांना दोन पानी उत्तर लिहिलं, पक्ष्याच्या चित्रासकट. आमच्या बावीस जणांपैकी सतरा जणांचे फोन आले. दोघांनी कबूल केलं की आपल्यामुळंच ती बिघडली असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. एकानं म्हणे एक स्क्रू जादा आवळला होता.

शेवटच्या दिवशी सकाळी आठला ती सोलापूरवरून जाणार होती. मी आदल्या दिवशीच पोचले. सरांच्या गच्चीत आम्ही तिघं उभे होतो. ती दिसली नाही, उजाडलं होतं, पण सरांच्या हातातल्या यंत्रातून आवाज आला, उत्तरेकडून मोठा होत डोक्यावर आला आणि दक्षिणेकडे अक्कलकोटच्या बाजूला लहान होत गेला. सर आणि मामा तोंडानं पुटपुटत होते. त्याच फेरीत पुढे, दक्षिण समुद्रावर, जिथं माणूसबिणूस नाही तिथं, टिटवी आणि पक्कड दोघी जळून गेल्या. दाबकेचा फोन नऊ वाजून वीस मिनिटांनी आला. वाट मोकळी झाली होती. मामांनी यंत्र आणखी थोडा वेळ चालू ठेवलं, मग स्वतःच बंद केलं आणि खाली जाऊन चहा टाकला.

चहा झाल्यावर मी पिशवीतून शेवटचा अहवाल काढला. त्यात दिल्लीनं एक रकाना घातला होता: मूळ उपग्रह मुका राहण्याचं कारण, आणि त्यास जबाबदार व्यक्ती. मी माझं नाव लिहायला लागले. सरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

“प्रकल्पप्रमुख मी होतो. डिंक माझा होता.”

“सर, पहिली चूक माझी. माझा वेढा नसता तर—”

“तुझा वेढा जळालाही असता कदाचित. डिंकानं वाट लावली.”

“काही डिंक-बिंक न्हाई,” मामा म्हणाले. “विणकराची गाठ ती. डिंकाला कोण विचारतंय? माझं नाव पहिलं लिवा.”

भांडण पाऊण तास चाललं. शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मामा हटायला तयार नव्हते. एकतीस वर्षं त्या विभागात नोकरी केली, शेकडो अहवाल त्यांनी स्वतःच्या हातानं टाचले, बांधले, पोस्टात टाकले, एकावरही त्यांचं नाव नव्हतं. शेवटी सरांनी पेन त्यांच्यापुढे केलं. मामांनी चष्मा लावला, हात पुसले, आणि त्या रकान्यात सगळ्यात वर, ओळ सोडून बाहेर जाईल एवढं लांबलचक लिहिलं: दस्तगीर महिबूब शेख, प्रयोगशाळा परिचर. त्याखाली सरांनी लिहिलं. त्याखाली मी.

मी कागद पिशवीत ठेवत होते तेव्हा मामा म्हणाले, “पोरी, याची एक झेरॉक्स काढून देशील का? घरी दाखवतो.”